दोरी कोणी चढवली

अण्णा, काल तुझं तेरावं झालं. पानं उठली, माणसं बस आणि व्हॅन धरून आपापल्या गावी गेली, आणि आज सकाळपासून मी तुझ्या माडीवरच्या खोलीत दार लावून बसले आहे. भिंतीवर तुझी सात धनुष्यं आडवी टांगलेली आहेत, दोऱ्या उतरवून, तू ठेवायचास तशीच. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. ते काल सगळ्यांनी बोलून घेतलं. तू किती प्रेमळ, किती हौशी, तंजावरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीत कोणाचंही लग्न असो, मांडवात पहिला उभा. सगळं खरं आहे. मी मात्र भांडायला आले आहे. तुझी जुनी खोड होती, बोलणं अवघड जागी आलं की उठून जायचं. या वेळी जरा लांबच गेलास.

हे मी देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे आपल्या घरात कोणी वाचणार नाही. बोलायला सगळ्यांना येतं, अक्षर ओळखणारे चार सापडायचे नाहीत. मी तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवली म्हणून मला लिपी आली, आणि पुण्याहून पुस्तकं मागवून वाचली म्हणून ही पुस्तकी मराठी आली. तू हसायचास. "तुझी मराठी तुज एकटीसच समजते गे तारा," म्हणायचास. बरं झालं. जे तुला घरात बोलायला जमलं नाही, ते मी घरात कोणाला वाचता येणार नाही अशा अक्षरांत लिहिते. आपण भावंडं शोभतो खरी.

आधी तुझं देणं मान्य करते, म्हणजे पुढे हात मोकळे राहतील.

माझे यजमान गेले तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. मूल नाही, सासरी कोणी नाही, म्हणून मी या घरी परत आले. कुंभकोणमची काकू, आपल्या वडिलांची धाकटी भावजय, पहिल्याच आठवड्यात पोथी घेऊन आली आणि रोज किती अध्याय वाचायचे ते सांगून गेली. दुसऱ्या महिन्यात एका रविवारी सकाळी तू स्कूटर काढलीस, पाठीला कापडी लांब पिशवी बांधलीस आणि म्हणालास, "बस मागें." कुठे ते सांगितलं नाहीस. पापनाशमच्या अलीकडे, कालव्याच्या काठाला आपली नारळाची बाग आहे तिथे नेलंस. भाताचा पेंढा, त्याला आपल्याकडे तमिळ शब्दच आहे, वैक्कोल, त्याच्या गासड्या एकावर एक रचल्यास, वर कोळशाने वर्तुळ काढलंस आणि माझ्या हातात एक धनुष्य दिलंस.

"ओढ," म्हणालास. "रडायचें असेल तर सोडून झाल्यावर रड. ओढतांना नको, नेम हालतो."

माझा पहिला बाण गासडीच्या दोन हात वरून गेला आणि कालव्यात पडला. तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "कालवा मेला." मी हसले. या घरात परतल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते, आणि हसताना मला कोणी पाहिलं नाही याचं बरं वाटलं. हे मी विसरलेले नाही, अण्णा. लोकांनी मला रिकामे हात जोडायला शिकवलं. तू त्या हातांना काम दिलंस.

त्यानंतरचे सगळे रविवार आपले होते. तुझी धनुष्यं एकेक करून येत गेली. एक कुन्नूरच्या चहाच्या मळ्यातल्या बंगल्यात सापडलं. गोऱ्या साहेबाचं लांब सरळ धनुष्य होतं ते, टोकांना शिंग बसवलेलं, आणि छत्र्यांच्या बरणीत छत्र्यांबरोबर उभं होतं. दोन तिरुचीच्या एका शाळेच्या अडगळीतून आली, बास्केटबॉलच्या फाटक्या जाळीत गुंडाळलेली. आणि तांबडं! साठ वर्षांपूर्वीचं अमेरिकेत बनवलेलं, लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेलं, मुठीचं लाकूड गडद तांबडं, दोन्ही पात्यांची टोकं पुढे वळलेली. ते हातात घेतल्यावर तू अर्धा तास काही बोलला नव्हतास. वहिनी म्हणाली होती, "माझ्या लग्नांत हे मजकडे इतका वेळ बघितले नाहींत."

जुनं धनुष्य हाताळायचं म्हणजे काय, ते मी तुझ्याकडून शिकले. आधी कापसाचा बोळा घेऊन दोन्ही पात्यांवरून सावकाश फिरवायचा. कुठे केसाएवढी चीर असली तर कापसाचा धागा तिथे अडकतो, डोळ्यांना दिसत नाही ते कापसाला कळतं. मग दोरीला मेण लावायचं आणि अंगठ्याने इतकं चोळायचं की बोटाला चटका बसावा. दोरी चढवायची ती दोराने. त्या दोराच्या दोन टोकांना चामड्याच्या टोप्या, त्या धनुष्याच्या टोकांवर बसवायच्या, मधल्या दोरावर पाय द्यायचा आणि मूठ वर उचलायची, म्हणजे दोन्ही पाती सारखी वाकतात. पाय दोरावर, धनुष्यावर कधीच नाही. मग बाण न लावता अर्ध्यापर्यंत दोन-तीनदा ओढून हळूच परत आणायचं. रिकामी दोरी सोडायची मात्र नाही, लाकूड तडकतं. "म्हातारें आहे, उठतांना त्यास वेळ द्यावा," म्हणायचास.

आणि मग सोडणं. ते मी कितीदा लिहायचा प्रयत्न केला, जमत नाही. हनुवटीखाली हात टेकतो, पाठीतली दोन हाडं जवळ येतात, आणि शेवटचं दोन बोटांचं अंतर जुन्या धनुष्यात असं मऊ जातं की आपण ओढतो आहोत की ते स्वतः येतं आहे, समजत नाही. बोटं सोडत नाहीत, ती नुसती राहून जातात. दोरीचा आवाज येतो, कोणी दबक्या आवाजात हुं म्हणावं तसा, आणि गासडीत थप्. हल्लीची चाकं लावलेली धनुष्यं तुला मुळीच आवडत नसत. "सायकल आहे ती, घंटी लावा म्हणावें," असं तू एका स्पर्धेतल्या पंचाला तोंडावर सांगितलं होतंस. मी लाजेने पाणी आणायला गेले होते.

दोऱ्या मी करायचे. फळीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये जुन्या पद्धतीचा, थोडा ताणला जाणारा धागा भरायचा, कारण हल्लीचा ताठ धागा जुन्या टोकांना फोडतो. सात धनुष्यांच्या सात लांब्या मला तोंडपाठ होत्या. कोणी पाहुणा आला की तू दोरीवर नख वाजवून म्हणायचास, "ही ताराच्या हातची. मद्रासेंत मिळायची नाहीं." मी आत उभी राहून ऐकायचे. पन्नाशी उलटलेल्या बाईने एवढ्याने फुलून जाऊ नये, पण मी जायचे.

एक वाद आपला राहूनच गेला. साहेबाचं ते लांब धनुष्य चालवावं की नुसतं टांगावं? तू म्हणायचास, एकदा जरी मोडलं तर परत मिळायचं नाही. मी म्हणायचे, न ओढलेलं धनुष्य आणि पडदा अडकवायची काठी यांत फरक काय. तू चिडायचास. ते अजून टांगलेलंच आहे. मी आज उतरवून पाहिलं, कापूस कुठेही अडकला नाही. हा वाद मी जिंकले असते.

पण खरा वाद हा नव्हे. खरा वाद चार वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीचा आहे.

आपल्या घरची रीत तुला सांगायला नको, पण मला लिहायला हवी, नाहीतर तू काय केलंस ते कोणाला कळणार नाही. नवमीला देवासमोर पाट मांडायचा. त्यावर घराण्याच्या दोन गंजक्या तलवारी, एक कट्यार, आणि त्यांच्या शेजारी विळी, वहिनीचं शिवणयंत्र, तुझ्या स्कूटरची किल्ली. गंध, कुंकू, झेंडूची माळ. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी दशमीची आरती होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. आणि उचलायचं ते पुरुषांनी. विळीसुद्धा.

त्या वर्षी पुण्याहून एक पाहुणे आले होते, तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास गोळा करणारे. गळ्यात मोठा कॅमेरा. त्यांना घराण्याची शस्त्रं पाहायची होती. दोन तलवारी दाखवायला तुला लाज वाटली असावी. तू तांबडं धनुष्य खाली आणलंस, दोरी चढवलीस, आणि भिंतीला टेकून पाटावर उभं केलंस, समईच्या अगदी शेजारी. खालच्या पात्यावर इंग्रजीत बनवणाऱ्याचं नाव आहे. त्यावर तू गंधाचा इतका जाड पट्टा ओढलास की अक्षरं गेली. मी नैवेद्याचं ताट घेऊन दारात उभी होते. पाहुण्यांनी विचारलं, "हे कोणत्या राजांच्या वेळचं?" तू म्हणालास, "जुनें आहे." खोटं तरी कसं म्हणू? माझ्यासारखंच साठीचं होतं.

मी तुला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. "अण्णा, दोरी उतरव. एका टोकावर उभं आहे, वर माळेचं वजन, शेजारी समईची ऊब. उद्यापर्यंत खालचं पातं पिळेल."

"उतरवली तर काठी दिसेल गे. ते फोटो काढायला उद्यां परत येणार."

"फोटो झाला की दुसरं धनुष्य आणून देणार आहेत का ते?"

"कुंकूं लागलें," तू म्हणालास. "आतां उद्यां."

इथे माझीही चूक आहे, ती मी लपवणार नाही. मी स्वतः जाऊन उतरवू शकले असते. हात धजावला नाही. कुंकू लागलेल्या वस्तूला शिवायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं, आणि माझ्यासारखीने तर नाहीच नाही. मी वरणाला फोडणी दिली आणि गप्प बसले.

दशमीला सकाळी सगळे जमले होते. काकू, तिची दोन मुलं, सुना, गल्लीतले पाचसहा जण, पाहुणे कॅमेरा डोळ्याला लावून. तुझा मुलगा मुकुंद तेवढा बंगळूरहून येऊ शकला नव्हता. आरती झाली. तू तलवारी उचलल्यास, मग तांबडं. उचलताच पिळलेल्या पात्यावरून दोरी खाचेतून सटकली, धनुष्य उलटं उसळलं आणि समईवर आदळलं. तेल पाहुण्यांच्या पँटवर, वात पाटावर. वहिनीने पदराने वात दाबली. पाहुणे म्हणाले, "अरेरे, काय झालं हो?"

तू धनुष्याकडे पाहिलंस. मग सगळ्यांकडे. मग माझ्याकडे. तो क्षण मी इतक्या वेळा आठवला आहे की झिजून जायला हवा होता.

"तारानें दोरी चढवली होती," तू म्हणालास. "पायांत घालून चढवली असेल. किती वेळां सांगितलें तिला."

पायात घालून म्हणजे धनुष्य आणि दोरी यांच्यामधून एक पाय घालून, मांडीवर वाकवून दोरी चढवणं. नवशिके करतात, आणि त्याने पातं पिळतं. दोष म्हणून तू अगदी चपखल दोष निवडलास. मला इतकी वर्षं शिकवलं होतंस ना, कुठली चूक कुठे शोभते ते तुला बरोबर ठाऊक. पण काकूला पात्याशी काय करायचं होतं! तिने एकच शब्द ऐकला.

"आयुधास पाय?" ती म्हणाली. "नवमीस? आणि तोही हिचा?"

मी तेव्हा का बोलले नाही, असं तू एकदा मलाच विचारलंस. परका माणूस समोर होता, अण्णा. तू मोठा भाऊ, घरचा कर्ता, तुला दहा माणसांत खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. मला वाटलं, पाहुणे जाऊ देत, संध्याकाळी तूच काकूला सांगशील. मी संध्याकाळी ओट्यावर बसून राहिले. तू काकूला बसवर पोचवून आलास आणि म्हणालास की बसला गर्दी फार होती.

दोन दिवसांनी मी विचारलं. "असं का म्हणालास?"

"उगी बोलण्यांत आलें."

"मग आता दुसरं बोल. काकूला फोन कर."

"सुम्मा इरु, तारा." गप्प बस हे तू मला नेहमी तमिळमध्येच सांगायचास. "सांगतों की केव्हां तरी. पळून जाते कां काकू?"

काकू पळून गेली नाही. ऐंशीची होती, आता चौऱ्याऐंशीची आहे, ठणठणीत आहे. पळालास तू.

मी तुला म्हटलं होतं, पातं अजून सरळ करता येईल. गरम पाण्याचा पंचा गुंडाळायचा, उलट्या बाजूला हळूहळू पीळ द्यायचा, तसंच धरून गार होऊ द्यायचं, आठ-दहा दिवस रोज. तू "राहूं दे" म्हणालास आणि ते सगळ्यात वरच्या खुंटीवर टांगलंस, माझा हात पोचणार नाही तिथे. मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, माझ्या हातांनी ते सरळ झालं असतं तर तुला रोज त्याच्याकडे बघणं जड गेलं असतं. मग रविवारही गेले. आधी तुझा गुडघा दुखत होता, मग स्कूटर दुखत होती. मी दोनदा एकटी बसने पापनाशमला गेले. बागेचा राखणदार लांब उभा राहून बघत होता. त्याच्याही कानावर गेलं होतं.

दोन वर्षांनी तुझी किडनी बिघडली. आणि काकूने दोन आणि दोन जोडले.

त्या दुपारी ती तुझ्या उशाशी बसली होती. मी ताकाचा पेला घेऊन उभी. ती हळू बोलायचा प्रयत्न करते पण तिला जमत नाही, हे तुला माहीत आहे. "काय करणार," ती वहिनीला म्हणाली, "आयुधाला लागलेला पाय कोठें तरी निघायचाच. घरच्या कर्त्यावर निघाला." वहिनीने खाली पाहिलं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू डोळे मिटलेस. तू झोपला नव्हतास, अण्णा. झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा घट्ट दाबलेल्या नसतात. एक वाक्य हवं होतं मला. "तिनें नाहीं, मी चढवली." चार शब्द. तेवढा दम तुझ्यात होता, कारण काकू गेल्यावर तू ताकात मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर ओरडलास.

त्यानंतर दोन वर्षं घरात काही वाकडं झालं की माझ्या पायाकडे बघितलं जायचं. काकूच्या नातसुनेचं मूल पोटातच गेलं, तेव्हा त्यांनी मला भेटायला येऊ नको असा निरोप पाठवला. तो निरोप फोनवर तूच घेतलास आणि मला तूच सांगितलास, शब्द जरा मऊ करून. मी वाट पाहिली. शेवटच्या महिन्यात मी रोज तुझ्या पलंगाशी बसून दोऱ्या वळायचे, कारण तुला तो आवाज बरा वाटायचा. तू आपल्या वडिलांविषयी बोललास, कुन्नूरच्या छत्र्यांविषयी बोललास, कालव्यात गेलेल्या माझ्या बाणाविषयी बोललास. एकदा म्हणालास, "तुझा नेम मजपेक्षां चांगला." मला वाटलं, आलं आता, याच्या पाठोपाठ येणार. तू पाणी मागितलंस.

आता कालचं ऐक.

जेवणाआधी मुकुंद मला इथे माडीवर घेऊन आला. तुझ्यापेक्षा उंच दिसतो तो आता, आणि मराठी बोलताना अजून अडखळतो. म्हणाला, "अत्या, हें सगळें तुम्हीच घ्या. मज दोरी चढवायला येत नाहीं." मी म्हटलं, "मला देऊ नको. तुझे अप्पा सांगून गेलेत ना, मी धनुष्य पिळवते म्हणून." मी हे कडूपणाने बोलले, मला माहीत आहे.

त्याने दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "अप्पानें मज सांगितलें होतें. त्याच आठवड्यांत, फोनवर. मीच चढवली, तारावर घातलें म्हणून सांगितलें."

मी बसले. तुझ्याच खुर्चीवर.

"मग मला का नाही सांगितलं? काकूला का नाही?"

"मी विचारलें, अत्या. अप्पा म्हणाले, तिला माहीत आहे, तिला काय सांगायचें."

चार वर्षं! मुकुंदला माहीत, वहिनीला माहीत, तिलाही तू त्याच आठवड्यात सांगितलं होतंस, हेही मुकुंदच म्हणाला. तिच्याकडे मी काल नुसतं पाहिलं, बोलले नाही. म्हणजे तुला सांगता येत होतं. तुझी जीभ उचलत होती. जिथे ऐकणारा तुझाच होता, तिथे उचलत होती. मी मुकुंदला म्हटलं, खाली सगळे पानावर बसले आहेत, आत्ता जाऊन सांग. तो घाबरला. पण मुलगा तुझ्यापेक्षा बरा निघाला, अण्णा, तो गेला.

पानं वाढून झाली होती. तो दोन पंगतींच्या मध्ये उभा राहिला आणि आधी तमिळमध्ये, मग मोडक्या मराठीत बोलला. त्या नवमीला दोरी अप्पांनीच चढवली होती, अत्याने शिवलंही नव्हतं, अप्पांनी स्वतः मला सांगितलं. एवढंच. अगदी साधं बोलला. मी खांबाजवळ उभी होते.

कोणी "असं का" म्हटलं नाही. कोणी "बिचारी" म्हटलं नाही. वाढप्याच्या हातात सांबारचा पळा तसाच राहिला. काकूने मुकुंदला जवळ बोलावलं, खरकट्या हाताने नव्हे, डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "बाळा, बापाच्या तेराव्यास बापाला खोटें पाडतोस? कोण्ही सांगायला लावलें तुज?"

आणि सगळी पंगत माझ्याकडे वळली.

मुकुंद म्हणाला, "नाहीं, अम्मालाही माहीत आहे," आणि वहिनीकडे पाहिलं. वहिनी पानाकडे बघत राहिली. तिचा नवरा जाऊन तेरा दिवस झालेले, तिच्याकडून मी काय मागणार? मग कोणीतरी पायसम मागितलं आणि पंगत पुढे सरकली. जाताना काकूच्या सुनेने मला नमस्कार केला नाही. काल सकाळपर्यंत मी आयुधाला पाय लावणारी होते. संध्याकाळपासून मी मेलेल्या भावाला त्याच्याच मुलाकडून बदनाम करणारी आहे.

आज सकाळी मी स्टुलावर चढून तांबडं खाली काढलं. गरम पाण्यात पंचा पिळून खालच्या पात्याला गुंडाळला आणि उलटा पीळ देऊन धरून बसले. चार वर्षांनी ते हातात आलं. गंधाचा पिवळा डाग अजून अक्षरांत आहे. लाकूड गरम झालं, थोडंसं ऐकलं, तासाभराने सोडलं तर सूतभर सरळ झालेलं दिसलं. हात खूश होते. हातांना राग समजत नाही. मी मात्र त्यांच्यावरही चिडले, कारण त्यांना हे सुख तूच शिकवलेलं.

चार वर्षं मी समजत होते की ते वाक्य कोणीही बोललं तरी चालेल, नुसतं बोललं जायला हवं. चालत नाही, अण्णा. मुकुंद बोलला तर मी शिकवलेलं. वहिनी उद्या बोलली तर दुःखाने भ्रमलेली. मी बोलले तर कांगावा. ते खरं ठरलं असतं फक्त तुझ्या तोंडून, आणि ते तोंड तू बंद ठेवून नेलंस. तिला माहीत आहे, तिला काय सांगायचं? होतं माहीत. मला तू सांगायचं नव्हतंच. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सांगायचं होतं, कारण तुझ्यामागे मला त्यांच्यातच राहायचं आहे.